हर्नियाची पिशवी फेकण्यापूर्वी

संपादक महोदय,

हर्नियाची पिशवी म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराचाच बाहेर आलेला भाग. त्यामुळे पोटात दडलेला आजार कधी कधी तिथेच पहिल्यांदा दिसतो. १७३५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात क्लॉडियस अमायंड यांना ११ वर्षांच्या मुलाच्या हर्नियात टाचणीने भोक पडलेले अपेंडिक्स सापडले. ते काढल्यावर मुलगा वाचला. आजही असे अपेंडिक्स सुजलेले निघाले तर कृत्रिम जाळी टाळून टाक्यांनीच दुरुस्ती करणे बरे, कारण जाळीत जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो.

मुंबईत मात्र आधी आठवावा तो क्षय. पिशवी जाड लागली, आत पांढुरके बारीक दाणे किंवा पिवळसर पाणी दिसले, तर पोटाचा क्षय किंवा पसरलेला कर्करोग असू शकतो. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून पिशवीचे दोन तुकडे करावेत. एक, त्याच्या दहापट फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात), सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी. दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी). सगळाच नमुना फॉर्मलिनमध्ये बुडवला तर जंतू मरतात आणि कल्चर होतच नाही. औषधांना दाद न देणारा क्षय या शहरात असताना ही चूक फार महागात पडते. पाणीही ओतून देऊ नये. पेशी, प्रथिने, एडीए (क्षयात वाढणारे एक विकर) आणि कर्करोगाच्या पेशी यांच्या तपासणीसाठी ते पाठवावे.

मुलीच्या हर्नियात, विशेषतः दोन्ही बाजूंना असेल तर, बीजकोशाऐवजी वृषणासारखी ग्रंथी दिसू शकते. ती त्याच टेबलावर काढून टाकू नये. छोटा तुकडा तपासणीला द्यावा, गुणसूत्रे तपासावीत आणि पालकांशी एकांतात, सावकाश बोलावे.

प्रौढांची प्रत्येक साधी पिशवी प्रयोगशाळेत पाठवा, असे आमचे म्हणणे नाही. त्यातून क्वचितच काही निघते आणि खर्च रुग्णावर पडतो. पण पिशवी उघडून आत पाहायलाच हवे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात शिरून दुरुस्ती होत असेल तर कॅमेरा एकदा यकृतापासून ओटीपोटापर्यंत फिरवावा; अस्तराबाहेरून केलेल्या दुरुस्तीत ही संधी मिळत नाही.

पालघर-रत्नागिरीहून आलेला रुग्ण रिपोर्टआधीच गावी परततो. तपासणीच्या फॉर्मवर त्याचा चालू फोन नंबर आणि डिस्चार्ज कार्डवर ‘पिशवीत काय आढळले, रिपोर्ट कधी न्यायचा’ हे मराठीत लिहिलेच पाहिजे.

— एक सर्जन व एक पॅथॉलॉजिस्ट, परळ, मुंबई