उपवासाच्या ताटाचे खरे धनी

महोदय,

आपल्या आषाढी पुरवणीत साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची ही 'पोर्तुगीजांची देणगी' असल्याचे म्हटले आहे. पाककृती चांगल्या आहेत, पण हे वाक्य दुरुस्त करायला हवे. पोर्तुगीजांनी माल वाहून आणला. ही पिके रानातून निवडली, शेतात रुजवली आणि खाण्याजोगी केली ती अमेरिका खंडातल्या आदिवासींनी. ज्या शतकात त्यांची पिके समुद्र ओलांडत होती, त्याच शतकात त्यांची गावे ओस पडत होती.

साबुदाण्याचेच पाहा. तो सेलमकडच्या कारखान्यांत कसाव्याच्या कंदापासून बनतो. कडू जातीचा कसावा तसाच खाल्ला तर विषबाधा होते, कारण कंदाच्या पेशी फुटल्या की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. ब्राझीलच्या तुपी आणि इतर जमातींनी यावर रीत बसवली. कंद सोलून बारीक किसायचा, कीस वेताच्या विणलेल्या लांब नळीत भरायचा, नळी आढ्याला टांगून खालून वजन लावायचे. नळी ताणली की आक्रसते आणि विषारी रस निथळतो. उरलेला चोथा तापल्या तव्यावर भाजला की राहिलेले विषही उडून जाते. त्या रसाच्या तळाशी जो पांढरा साका बसतो, त्यालाच तुपी भाषेतून आलेले नाव आहे टॅपिओका. तोच साका धुऊन, त्याच्या गोळ्या करून, भाजून-वाळवून आपला साबुदाणा होतो. ही रीत अर्धवट केली तर काय होते, ते 1981 मध्ये मोझांबिकमध्ये दिसले. पोर्तुगीजांनीच आफ्रिकेत नेलेले हे पीक दुष्काळात लोकांनी पुरेसे न वाळवता खाल्ले आणि हजाराहून जास्त जणांचे, बहुतेक बायका-मुलांचे, पाय कायमचे लुळे पडले. तेव्हा बियाण्याइतकीच ती रीतही मोलाची आहे, आणि तिचे श्रेय जहाजाच्या कप्तानाला देता येत नाही.

हिंदीत आलू, आपल्याकडे बटाटा. हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. त्यांचा 'बताता' म्हणजे रताळे. पोर्तुगीजांच्या तोंडी तो वेगळ्याच कंदाला चिकटला आणि आपल्या किनाऱ्यावर उतरला. कोलंबस 1492 मध्ये ज्यांच्या बेटांवर उतरला ते हेच लोक. 1495 पासून हिस्पानिओला बेटावर त्याने 14 वर्षांवरील प्रत्येकाकडून दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायातल्या घुंगराएवढे सोने वसूल करायला सुरुवात केली. सोने नसलेल्या भागात 25 पौंड कापूस. माणसे नदीची वाळू चाळत बसली, कसाव्याची शेते पडीक राहिली, उपासमार झाली. 1514 च्या मोजणीत बेटावर जेमतेम 26 हजार मूळ रहिवासी उरले होते आणि देवीची साथ तर त्यानंतर, 1518 च्या अखेरीस आली. सगळा दोष रोगजंतूंवर टाकणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. ताइनोंचे वंशज प्युर्तो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात आजही आपली ओळख सांगतात.

राजगिऱ्याचा उल्लेख पुरवणीत फक्त लाडवापुरता आहे. मेक्सिकोचे लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड पाक मळून देवाच्या मूर्ती घडवत आणि पूजेनंतर त्या प्रसाद म्हणून वाटून खात. मे 1520 मध्ये त्यांच्या राजधानीत, तेनोच्तित्लान शहरात, अशाच मूर्तीपुढे तोश्कात्लचा सण चालू असताना स्पॅनिश सरदार पेद्रो दे आल्वारादोच्या सैनिकांनी नाचणाऱ्या निःशस्त्र लोकांची कत्तल केली. पुढे मिशनऱ्यांना हा प्रसाद सैतानी वाटला, तो बंद पाडला गेला आणि पीकही मागे पडले. तरी लाह्या आणि पाकाची वडी मेक्सिकोत अजून विकली जाते. तिथले नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही.

बटाटा मात्र अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी गोठवून-वाळवून टिकवलेला बटाटा, चुन्यो, हेच आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणीत स्पॅनिश राजवटीने वेठीला धरलेल्या मजुरांचे अन्न होते. 1570 च्या दशकापासून दरवर्षी सुमारे 13 हजार पुरुष या वेठीला नेले जात. थोडी परतफेड अलीकडे झाली आहे. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने 2004 मध्ये कुस्कोजवळच्या क्वेचुआ गावांशी करार केला आणि त्यांच्या शेकडो जाती त्यांच्याच शेतांत परत नेल्या.

संपादकांना विनंती एवढीच, की 'देणगी' हा शब्द मागे घ्यावा. 9 ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन आहे. त्या दिवशी हीच पाककृतींची यादी पुन्हा छापून प्रत्येक जिन्नसापुढे त्याचा मूळ प्रदेश आणि तो पिकवणाऱ्या लोकांचे नाव द्यावे. जागा अपुरी असेल तर निदान साबुदाणा आणि राजगिरा एवढे दोन घ्यावेत.

— वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक, दादर, मुंबई