मैदानावर वाहनतळ नको, स्टेशनपर्यंत बस हवी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती

विषय: प्रवेशद्वाराजवळील मैदानावर जादा वाहनतळ करण्याच्या ठरावाबाबत

स. न. वि. वि.

मैदानावर फरसबंदी करून जादा वाहनतळ करण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे येत असल्याचे सूचनाफलकावर वाचले. माझा त्याला विरोध आहे. सभेत बोलायला मिळतात दोन मिनिटे, तीही गोंधळात जातात, म्हणून आधीच लिहून देत आहे.

गाड्यांना जागा कमी पडते हे खरेच आहे. रात्री उशिरा येणाऱ्याला स्वतःच्याच घरासमोर गाडी लावता येत नाही. पण इतक्या गाड्या आल्या कुठून? शहरापासून दूर, तरी रोज ये-जा करता येईल इतके जवळ, या भरवशावर आपण इथे घरे घेतली. झाडी मिळाली, शांतता मिळाली. जाहिरातीत शहराचे अंतर मात्र मिनिटांत दिले होते आणि ती मिनिटे बहुधा पहाटे मोजलेली असावीत. इथे औषधाची गोळी आणायलाही गाडी काढावी लागते. नवरा-बायको दोघे वेगवेगळ्या वेळी कामावर निघतात, त्यामुळे घरटी दुसरी गाडी आली. यातल्या बऱ्याच गाड्या रोज फक्त स्टेशनपर्यंत जातात आणि संध्याकाळपर्यंत तिथे उभ्या राहतात.

आता जागेचा हिशेब. एक गाडी उभी करायला साधारण 2.5 बाय 5 मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात. गाडी आत-बाहेर काढायचा मधला रस्ता धरला की आकडा 25 च्या आसपास जातो. मैदानाचे नेमके माप कार्यालयात असेलच. समजा ते 1,000 चौरस मीटर आहे, तर सगळे मैदान देऊनही जेमतेम 40 गाड्या बसतील. त्या भरल्यावर पुढे काय, बाग? गर्दीच्या वेळी रस्ता रुंद केला की वाहनेही तेवढीच वाढतात, हे अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1962 सालीच मांडले होते. वाहनतळाचेही तेच होते असे माझे मत आहे. जागा दिसली की तिसरी गाडी घ्यायचा धीर येतो.

पाण्याचाही विचार व्हावा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेवढ्याच मैदानावर 50 मिलिमीटर पाऊस झाला तर 50,000 लिटर पाणी पडते. आज त्यातले बरेचसे मातीत मुरते. फरशी घातल्यावर ते उताराने फाटकाबाहेर, थेट खालच्या गावाच्या रस्त्यावर जाईल. गावकऱ्यांना आपण आधीच फार आवडतो अशातला भाग नाही. पाणी मुरणारे ब्लॉक लावू, असे कोणी सुचवेल. पण त्यांच्या फटी मातीने बुजतात आणि त्या नियमित साफ करण्याची आपली ख्याती नाही.

माझी सूचना अशी: ठराव तूर्त पुढे ढकलावा आणि तीन महिने भाड्याची छोटी बस चालवून पाहावी. बस रेल्वेगाड्यांच्या वेळापत्रकाला बांधलेली हवी, ‘सोयीनुसार’ नको. सकाळची फेरी कोणीही सुरू करील. खरी परीक्षा रात्रीच्या शेवटच्या फेरीची आहे. ऑफिसात उशीर झाला तर घरी कसे पोहोचायचे, ही धास्ती असेपर्यंत कोणी दुसरी गाडी विकणार नाही. म्हणून ती फेरी रिकामी धावली तरी बंद करू नये. शाळेच्या बसवाल्यांना विचारण्यात अर्थ नाही, सकाळी त्यांचीही तीच घाई असते.

आणखी एक. ज्या ज्येष्ठांनी गाडी चालवणे सोडले आहे, ते आज बाहेर पडण्यासाठी मुलांच्या सुट्टीची वाट पाहतात. सुरक्षारक्षक आणि घरकामाच्या बायका हमरस्त्यावरून चालत येतात, तिथे पदपथ नाही. बस ‘फक्त सभासदांसाठी’ ठेवू नये, ही विनंती.

कोण किती वाजता निघतो आणि कधी परततो, याचा एक पानी तक्ता घरोघर फिरवावा. आमच्या गल्लीतून तो भरून आणायची जबाबदारी मी घेतो. सभेच्या आधी तो हाती आला, तर चर्चा निदान आकड्यांवर होईल.

कळावे,
आपला,
एक सभासद