पंतप्रधानाला अडवायचे कोणी? : मार्कहॅमहून एक पत्र

मार्कहॅम, ऑन्टारिओ
२० सप्टेंबर २०२५

प्रिय सुधाकर,
स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. उभी हयात सरकारी वकिलीत काढलेल्या माणसाने विचारावा असाच प्रश्न तू विचारला आहेस. मार्क कार्नी १४ मार्चला कॅनडाच्या पंतप्रधानपदाची शपथ घेताना संसदेचे सदस्यच नव्हते, त्याआधी कधी खासदारही झाले नव्हते, मग त्यांना तिथे बसवले कोणी? सरळ उत्तर असे की लिबरल पक्षाच्या नोंदणीकृत सदस्यांनी. ९ मार्चला दीड लाखाहून अधिक सदस्यांचे मतदान मोजले गेले आणि त्यांपैकी जवळजवळ ८६ टक्के मते कार्नींना मिळाली. या पक्षाच्या सदस्यत्वाला पैसे पडत नाहीत आणि चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही नोंदणी करता येते. आपल्याकडे निदान कागदोपत्री तरी संसदीय पक्ष नेता निवडतो, येथे खासदाराचे मत हे त्या दीड लाखांतले एक मत. सत्ताधारी पक्षाचा नेता तोच पंतप्रधान, हा संकेत आहे. मग लवकरात लवकर लोकसभेसारख्या येथील सभागृहात निवडून यायचे, हाही संकेतच. त्याप्रमाणे २८ एप्रिलच्या निवडणुकीत ते नेपियन मतदारसंघातून निवडून आले.

एवढ्यावर तुझ्या प्रश्नाचे उत्तर संपते. परंतु नेता असा निवडला जातो म्हणून पुढे काय घडते, हे मी माझ्याच मतदारसंघात पाहिले आहे आणि ते तुला सविस्तर लिहावे असे सहा वर्षे मनात आहे.

२०१५ साली आमच्या मार्कहॅम-स्टफव्हिलमधून जेन फिलपॉट लिबरल पक्षातर्फे निवडून आल्या. त्या डॉक्टर. नायजरमध्ये अनेक वर्षे काम करून आलेल्या आणि नंतर येथल्याच रुग्णालयात नाव कमावलेल्या. त्या हिवाळ्याच्या तोंडावर मी त्यांची पत्रके घरोघरी वाटली होती. नवे नागरिकत्व, पहिलीच निवडणूक आणि उमेदवार म्हणून अशी बाई, यांमुळे माझा उत्साह तुला समजेल. जस्टिन ट्रुडो यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्या आरोग्यमंत्री झाल्या. कायदामंत्री आणि ॲटर्नी जनरल (सरकारतर्फे चालणाऱ्या खटल्यांचा प्रमुख) ही दोन्ही पदे मिळाली जोडी विल्सन-रेबोल्ड नावाच्या बाईंना. त्या ब्रिटिश कोलंबियातल्या आदिवासी समाजातून आलेल्या, एकेकाळी तुझ्यासारख्याच सरकारी वकील. त्या पदावर बसलेली ती पहिलीच आदिवासी व्यक्ती.

आता मूळ प्रकरण. मॉन्ट्रियलच्या एसएनसी-लॅव्हलिन या बांधकाम व अभियांत्रिकी कंपनीवर २०१५ मध्ये आरोप ठेवण्यात आले. २००१ ते २०११ या काळात लिबियातील अधिकाऱ्यांना सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर लाच दिल्याचा आरोप त्यात होता. दोषी ठरल्यास केंद्र सरकारच्या कंत्राटांपासून दहा वर्षांपर्यंत बंदी आली असती. २०१८ मध्ये अर्थसंकल्पाच्या जाडजूड विधेयकात फौजदारी कायद्याची एक दुरुस्ती घालण्यात आली. खटला थांबवून, दंड आणि सुधारणेच्या अटींवर कंपनीशी करार करण्याची सोय त्यातून झाली. ही सोय या कंपनीला द्यायची की नाही हे ठरवणे अभियोग संचालकांच्या हाती होते, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी नकार दिला. हा नकार फिरवण्याचा अधिकार कायद्याने एकट्या ॲटर्नी जनरलला होता. विल्सन-रेबोल्ड यांनी प्रकरण तपासून नकार कायम ठेवला.

त्यानंतरचे चार महिने त्यांनी पुढे संसदीय समितीसमोर जवळजवळ चार तास कथन केले. २७ फेब्रुवारी २०१९ चा तो दिवस मी घरी बसून पूर्ण पाहिला. पंतप्रधान कार्यालय, अर्थमंत्र्यांचे कार्यालय आणि मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव मिळून अकरा जणांनी बैठका, फोन आणि संदेशांतून पुन्हा पुन्हा विचारणा केली, असे त्यांनी सांगितले. कंपनी देश सोडून जाईल, हजारो नोकऱ्या जातील, कंपनीच्या क्वेबेक प्रांतात निवडणूक आहे, असे एकेक कारण पुढे येत गेले. १७ सप्टेंबरच्या भेटीत स्वतः ट्रुडो यांनी आपण क्वेबेकमधल्या पापिनोचे खासदार असल्याची आठवण करून दिली. तेव्हा त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून या बाईंनी विचारले की आपण माझ्या निर्णयात राजकीय हस्तक्षेप करत आहात का. पंतप्रधान नाही म्हणाले. त्यांना इतका सरळ प्रश्न विचारणारी मंत्री आणि कोणी असेल असे मला वाटत नाही. १४ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे खाते बदलून त्यांना माजी सैनिकांचे खाते देण्यात आले. ७ फेब्रुवारीला वृत्तपत्रातून वाच्यता झाली आणि पाच दिवसांनी त्यांनी मंत्रिपद सोडले.

सुधाकर, त्या वर्षी आमच्या मराठी मंडळींच्या एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, ‘कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणाला अटक नाही, फोनवर चार शब्द बोलले त्याचा एवढा गहजब कशाला?’ मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही, कारण गळा दाटून आला होता. आज देतो. विल्सन-रेबोल्ड यांनी स्वतः समितीला सांगितले की जे घडले ते त्यांच्या मते बेकायदेशीर नव्हते, परंतु अनुचित होते. आपल्याकडच्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली खटला मागे घेताना सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा असे, टपालवाल्यासारखा वरचा हुकूम न्यायालयात पोहोचवायचा नसे, हे तूच मला कितीदा समजावले आहेस. ती बुद्धी स्वतंत्र राहिली नाही तर श्रीमंत कंपनीला वेगळा कायदा आणि गल्लीतल्या चोराला वेगळा कायदा, एवढेच उरते.

४ मार्चला आमच्या फिलपॉटबाईंनी ट्रेझरी बोर्डाचे, म्हणजे सरकारी खर्चावर नजर ठेवणाऱ्या मंत्रिसमितीचे, अध्यक्षपद सोडले. त्यांच्यावर कोणी दबाव आणला नव्हता, त्यांच्या खात्याचा विषयही नव्हता. सरकारने हे प्रकरण ज्या रीतीने हाताळले त्यावर आपला विश्वास उरला नाही, एवढेच कारण त्यांनी दिले. महिनाअखेर विल्सन-रेबोल्ड यांनी मुख्य सचिवांशी झालेल्या १७ मिनिटांच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण समितीला दिले आणि ते सार्वजनिक झाले. सहकाऱ्याचे बोलणे न सांगता मुद्रित करणे मलाही रुचले नाही. ते ऐकल्यानंतर मात्र, त्यांनी ते केले नसते तर त्यांच्या शब्दावर किती जणांनी विश्वास ठेवला असता, हा प्रश्न मला पडला. २ एप्रिलला ट्रुडो यांनी दोघींनाही संसदीय पक्षातून काढून टाकले.

त्या संध्याकाळी लिबरल खासदारांतून या दोघींच्या बाजूने उठून बोलणारे जवळजवळ कोणी नव्हते, हे मला सर्वांत जास्त लागले. ती माणसे वाईट नव्हती. परंतु त्यांच्या उमेदवारीला पक्षाची मान्यता लागते आणि नेतेपदी राहायला नेत्याला त्यांच्या मताची गरज नसते.

नेहमीच असे नव्हते. १८७२ च्या निवडणुकीत पहिले पंतप्रधान सर जॉन मॅकडोनाल्ड यांच्या पक्षाने पॅसिफिक रेल्वेचे कंत्राट हवे असलेल्या ह्यू ॲलन यांच्याकडून सुमारे साडेतीन लाख डॉलर घेतले. ‘आणखी दहा हजार हवेत, ही शेवटचीच मागणी, आजच उत्तर द्या’ अशा आशयाची मॅकडोनाल्ड यांची तार विरोधकांच्या हाती लागली. तेव्हा त्यांना पाडले ते त्यांच्याच बाजूच्या खासदारांनी. डोनाल्ड स्मिथ सरकारच्या बाजूने बोलतील अशी अपेक्षा होती, पण ते विरोधात बोलले, आणि ५ नोव्हेंबर १८७३ रोजी मॅकडोनाल्ड यांनी राजीनामा दिला. पुढे १९१९ मध्ये लिबरल पक्षाने मॅकेन्झी किंग यांना प्रतिनिधींच्या अधिवेशनात नेता निवडले, तेव्हापासून नेत्याची निवड खासदारांच्या हातून सुटली. लोकशाही वाढावी म्हणून केलेल्या या बदलाने नेत्याला रोज जाब विचारू शकणारे घरातले माणूस मात्र काढून घेतले. माझे या विषयावरचे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे.

पुढचे थोडक्यात. १४ ऑगस्ट २०१९ रोजी नीतिमत्ता आयुक्त मारिओ डियॉन यांनी हितसंबंध कायद्याच्या नवव्या कलमाचा भंग पंतप्रधानांनी केला असा निष्कर्ष काढला. ट्रुडो यांनी जबाबदारी स्वीकारली, पण नोकऱ्यांसाठी उभे राहिल्याबद्दल माफी मागितली नाही. ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्यांचे बहुमत गेले, सत्ता राहिली. विल्सन-रेबोल्ड व्हँकुव्हरमधून अपक्ष म्हणून निवडून आल्या. आमच्या फिलपॉट हरल्या. मी पुन्हा पत्रके वाटली होती. या वेळी दार उघडणारे लोक आदराने बोलत, ‘बाई चांगल्या आहेत, पण मत पक्षाला’ असे सांगत. डिसेंबरात कंपनीच्या बांधकाम शाखेने फसवणुकीचा एक गुन्हा कबूल करून २८ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. म्हणजे खटला चालू राहिल्याने आभाळ कोसळले नाही.

यावर उपाय कायद्यात आहे, हे तुला नवल वाटेल. मायकेल चाँग या कॉन्झर्व्हेटिव्ह खासदाराच्या विधेयकातून २०१५ मध्ये अशी तरतूद झाली की प्रत्येक निवडणुकीनंतर संसदेतल्या प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाच्या खासदारांनी मतदान करून ठरवावे : सहकाऱ्याला काढण्याचा आणि नेत्याला हटवण्याचा अधिकार आपल्याकडे घ्यायचा का? कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी तो घेतला आणि २ फेब्रुवारी २०२२ रोजी आपले नेते एरिन ओटूल यांना ७३ विरुद्ध ४५ मतांनी दूर केले. लिबरल खासदारांनी घेतला नाही. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये चोवीस खासदारांनी ट्रुडो यांना पद सोडण्याची विनंती करणारे पत्र दिले, तेव्हा ते केवळ पत्रच राहिले. डिसेंबरात अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलँड यांनी राजीनामा दिला आणि ६ जानेवारीला ट्रुडो यांना जाण्याची घोषणा करावी लागली. मधले अडीच महिने एक सरकार नुसते तग धरून होते.

आणि या वर्षी मे महिन्यात, नवे पंतप्रधान, नवी संसद, नवा उत्साह असताना, लिबरल खासदारांनी पुन्हा बंद दाराआड मतदान करून तो अधिकार नाकारला. मी माझ्या खासदाराला पत्र लिहून कारण विचारले आहे. उत्तर आले की तुला कळवीन. तुझ्याकडून मला एक हवे आहे : कलम ३२१ वरचे तुझे जुने टिपण सापडले तर त्याची छायाप्रत पाठव. आमच्या बैठकीतल्या त्या गृहस्थांना ते नीट भाषांतर करून द्यायचे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश