टोपी काढून आडनाव विचारणाऱ्या काकांना

काका,

तुमचं नाव मी विचारलंच नाही. दिवसभर आपण नावांबद्दलच बोलत होतो आणि नेमकं तुमचं राहून गेलं, याची चुटपुट अजून गेलेली नाही. पत्ताही नाही, म्हणून हे असं जाहीर पत्र. मराठीत लिहितोय, कारण मनापासून आभार मला याच भाषेत मानता येतात. कुणीतरी वाचून दाखवेल तुम्हाला.

मी इटलीतल्या कासिनोला आलो होतो ते दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आजोबांच्या थोरल्या भावासाठी. मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई. इटलीत गेले आणि 1944 साली घरी तार आली. देह मिळाला नाही, तारखेचा पत्ता नाही. थोरली आजी जाईपर्यंत सर्वपित्री अमावस्येला त्यांचं पान वाढायची, कारण तिथी माहीत नसलेल्यांना तोच एक दिवस असतो. वडिलांनी चौकशी केली, पुढे मी केली. एका सरकारी कचेरीत मी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "या नावाचा माणूस झालेलाच नाही." घोळ एवढाच होता की आमच्या आडनावात ळ आहे आणि पलटणीतल्या कारकुनानं तो आपल्या कानाला पटेल तसा इंग्रजीत लिहून टाकला होता. भाचीनं चार-पाच स्पेलिंगं घालून पाहिली आणि चहा थंड व्हायच्या आत थोरले आबा सापडले: कासिनो स्मारक, राष्ट्रकुलाची दफनभूमी, इटली.

त्यातही आमचा टूरवाला. मठ बघायला चाळीस मिनिटं, आणि खालचं "स्मशान" पॅकेजमध्ये नाही म्हणे! मी एक दिवस मागे राहिलो. खाली जायच्या आधी मठाच्या आवारातून समोरच्या उतारावर तुमच्या पोलिश थडग्यांच्या पांढऱ्या रांगा दिसल्या आणि पाय तिकडे वळले.

तुम्ही बादली आणि ब्रश घेऊन बसला होतात. ऑक्टोबरचा शेवट, 1 नोव्हेंबरला मृतांच्या आठवणीत लावायच्या काचेच्या दिव्यांची खोकी बाजूला. फडकं पिळायचं, दगड वरून खाली पुसायचा, अक्षरांच्या खाचेत बोट घालून शेवाळ काढायचं आणि मग ते नाव मोठ्यानं वाचायचं. मला वाटलं, प्रार्थना चाललीय. दोन-तीन दगडांनंतर कळलं, नुसती हजेरी आहे. मी एक वाचून पाहिलं तर तुम्ही हसलात. एलच्या पोटातून तिरकी रेघ गेली असेल तर तो ल नाही, जवळजवळ व आहे, हे तुम्ही ओल्या बोटानं दगडावर रेघ ओढून दाखवलंत. इथं लढलेल्या पोलिश सैन्याचे सेनापती जनरल अँडर्स, त्यांचं पहिलं नाव म्हणे व्वादिस्वाफ. आम्ही आपले व्लादिस्लाव म्हणत बसतो.

अँडर्स तिथेच आहेत, आपल्या माणसांच्या पुढ्यात. 12 मे 1944 च्या पहाटे तुमच्या दुसऱ्या कोअरनं, म्हणजे अँडर्सच्या सैन्यानं, जर्मनांवर पहिला हल्ला केला, तो फसला. 17 तारखेला पुन्हा चढले आणि 18 च्या सकाळी मठाच्या ढिगाऱ्यावर पोलिश निशाण लागलं. नऊशेहून जास्त पोरं गेली. त्याच 593 क्रमांकाच्या टेकडीवर फेब्रुवारीत आमच्या राजपुताना रायफल्सची माणसं पडली होती, हे तुम्हाला माहीत होतं. मला नव्हतं. उरलेल्या पोलिश सैनिकांनी तळ हलवायच्या आधी ही दफनभूमी बांधली. 1 सप्टेंबर 1945 ला तिचा विधी झाला, म्हणजे पोलंडवर हल्ला झाला त्याला बरोबर सहा वर्षं झाली तेव्हा. पण तोवर याल्टाच्या बैठकीत दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांनी पोलंडचा नकाशा बदलला होता आणि त्यातल्या कित्येकांचं गाव सोव्हिएत हद्दीत गेलं होतं. दुसऱ्याच्या देशात टेकडी जिंकली, स्वतःचं घर गेलं. अँडर्सचं नागरिकत्वच 1946 साली काढून घेतलं. ते 1970 मध्ये लंडनला वारले, तारीख पुन्हा 12 मे, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे इथे आले. तुम्ही हे सगळं कसलाही अभिनिवेश न आणता सांगत होतात, मधूनच क्रॉसांमध्ये एखाद्या ज्यू सैनिकाच्या दगडावरचा दावीदचा तारा आला की तोही तितक्याच हळुवार पुसत.

मी कोल्हापूरकडचा म्हटल्यावर तुमचा हात थांबला. "वालिवादे?" मी म्हटलं, वळिवडे. सायबेरियातून इराणमार्गे आलेल्या बायकापोरांची छावणी, जवळजवळ पाच हजार माणसं, 1943 पासून 1948 पर्यंत. इथे झोपलेल्यांपैकी कुणाकुणाचं घरदार तेव्हा आमच्या पंचगंगेच्या खोऱ्यात पत्राची वाट बघत होतं, हे तुम्ही म्हणालात आणि मला तिथल्या पायरीवर बसावंच लागलं.

मग बादली तशीच ठेवून तुम्ही मला गाडीत घातलंत. घाटाची वळणं उतरून खाली आलो. हिरव्या संगमरवराच्या त्या उंच पाट्यांवर चार हजारांहून जास्त नावं, थडगं न मिळालेल्यांची. आमच्या माणगावच्या यशवंत घाडग्यांचंही तिथेच आहे. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून 10 जुलै 1944 ला गेलेला नायक, त्यालाही थडगं नाही. आबांचं नाव तुम्हीच आधी शोधलंत. लगेच वाचलं मात्र नाहीत. टोपी काढून काखेत धरलीत आणि विचारलंत, "तुमच्याकडे हे कसं म्हणतात?"

काका, मला एवढंच सांगायचंय. ऐंशी वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. ज्यांचं ते काम होतं त्यांनी नाही, भाषणांत "वीर जवान" म्हणणाऱ्यांनी नाही. मी म्हणून दाखवलं. दगडावर साधा एल होता. तुम्ही ल म्हणालात, मग र, मग घशातून काहीतरी विचित्र. मी जीभ कशी मागे वळवायची ते दाखवलं. सातव्या-आठव्या वेळी ळ आला, अगदी खणखणीत, आणि तुम्ही ते पूर्ण नाव पाटीकडे बघून एकदा मोठ्यानं घेतलंत. हजेरी घेतल्यासारखं. मला रडू आवरेना. तुम्ही दुसरीकडे बघत उभे राहिलात, तेही बरंच केलंत.

चांगुलपणाला फार काही लागत नाही, असं आमची आजी म्हणायची. सवड लागते. ती तुमच्याकडे होती, पुसायचे शेकडो दगड बाकी असताना.

वळिवड्याच्या छावणीत गेलेल्यांची थडगी कोल्हापुरात आहेत. माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, आणि साठीपर्यंत मी तिकडे फिरकलो नव्हतो. परवाच्या रविवारी गेलो. बादली नव्हती, पाण्याची बाटली आणि जुनं पंचाचं फडकं नेलं होतं. वाचायच्या आधी एलच्या पोटात रेघ आहे का, ते बोटानं चाचपून पाहिलं.

तुमचा,
कोल्हापूरकडचा तो माणूस