‘रूट कोणता होता?’ असं विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी अण्णा वॉकर घेऊन वाचनालयाच्या चार पायऱ्या चढले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा भाचा. आत गेल्या गेल्या त्यांनी वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाकडे पाहिलं, तिथे बसलेली माणसं एकेक करून न्याहाळली आणि मला हळूच विचारलं, “ह्यातलं काका कुठलं?”

तुम्ही नव्हता. काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं की पाडव्यानंतर तुम्ही सभासदत्व बंद केलं आणि मुलीकडे राहायला गेलात. पत्ता रजिस्टरात असेलही, पण तो मी मागायचा नाही आणि त्यांनी द्यायचा नाही, हे आम्हा दोघींना कळत होतं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. कुणाच्या तरी वाचनात येईल आणि तो माणूस तुम्हाला दाखवील, एवढीच आशा.

तुम्हाला कदाचित आठवणार नाही. गेल्या वर्षी नवरात्रात, दुपारी चारच्या सुमारास, काउंटरपाशी एक बाई उभी होती. वडिलांसाठी पुस्तक हवंय म्हणत होती आणि कुठलं विचारलं तर तिला सांगता येत नव्हतं. ती मी.

श्रावणात अण्णा अंगणातल्या ओल्या फरशीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण घरी आल्यावर माणूस गप्पच झाला. जेवलात का, हो. दुखतंय का, नाही. उभं करायला गेलं की अंगाला दरदरून घाम. एसटीत ३२ वर्षं गाडी चालवलेला माणूस दोन पावलांना घाबरायला लागला आणि ते घाबरणं कुणाला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. मी पुण्याहून पंधरा दिवसांची रजा काढून आले होते. रजा संपत आली तरी मला त्यांच्या तोंडून एक पूर्ण वाक्य ऐकायला मिळालं नव्हतं.

पुस्तकाचं माझ्या मनात आलं, कारण अण्णांना वाचायची सवय होती. मुक्कामाच्या गावी देवळात बसून शिळा पेपर पहिल्या मथळ्यापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे, हे आई सांगते. पण पुस्तक कुणी कधी हातात दिलं नव्हतं. आम्हीही नाही.

तुमच्याकडे येण्याआधी काय काय झालं तेही सांगते, कारण त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळायचं नाही. भेटायला येणाऱ्यांनी पोथ्या आणल्या. “आता ह्या वयात हेच वाचावं,” असं त्यांच्या उशाशी बसून, त्यांच्या देखत सांगितलं. चौसष्टाव्या वर्षी! एका नातेवाइकाने यशस्वी कसं व्हावं यावरचं चकचकीत पुस्तक आणलं. ते अण्णांनी चाळलंही नाही. मग मी शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथल्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेऊन एकच प्रश्न केला, “शिक्षण किती?” मी म्हटलं, नववी. त्यांनी मला लहान मुलांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. “मोठ्या टायपातलं घ्या, चित्रं असतील तर बरं.” मी काही न घेता बाहेर पडले आणि रस्त्यावर आल्यावर रडले. तो राग अजून गेलेला नाही, काका. त्या माणसाच्या पाठीमागे हजारो पुस्तकं होती आणि त्यांतलं एकही नववी शिकलेल्या माणसासाठी नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

तुम्ही तर आमच्या वाचनालयाचे नोकरही नाही. टेबलापाशी पेपर वाचत बसलेले एक सभासद. माझं आणि ताईंचं बोलणं तुमच्या कानावर पडलं. तुम्ही पेपराची घडी घातलीत, चष्मा काढलात आणि विचारलंत, “काय करायचे वडील?”

“एसटीत ड्रायव्हर होते.”

“अरे वा. रूट कोणता होता?”

मला सांगता आलं नाही. आजही लिहिताना गळा दाटतो. ज्यांच्या ड्युटीवर माझं सगळं शिक्षण झालं, त्यांचा रूट मला माहीत नव्हता. डेपो माहीत होता, कराड. पुढचं काही नाही. तुम्ही त्यावर एक अक्षर बोलला नाहीत. फक्त म्हणालात, “फोन करून विचारा की. मी आहे इथं.”

मी व्हरांड्यात येऊन फोन लावला. अण्णांना विचारलं, रूट कोणता होता तुमचा? पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, आता ‘कशाला’ म्हणतील. मग ते बोलायला लागले. म्हसवडची वस्तीची गाडी, वडूज-दहिवडीवरून. मग बरीच वर्षं दापोली, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड. मधे महाबळेश्वर. पावसाळ्यात कुंभार्लीत धुकं कसं उतरायचं, कंडक्टर खाली उतरून पुढे चालत कसा जायचा, कुठल्या वळणावर कुठली म्हातारी हात करायची. मी फोन कानाला धरून उभी. नंतर पाहिलं, ११ मिनिटं झाली होती. दीड महिन्यात एकूण मिळून ते तेवढं बोलले नव्हते.

आत आले तर तुम्ही तसेच बसलेले. मी सगळं सांगितलं. तुम्ही मान हलवत ऐकलंत आणि परत म्हणालात, “वस्तीच्या गाडीला झोपायचे कुठं ते विचारा.” मी पुन्हा फोन केला. अण्णा म्हणाले, “कुठं म्हंजे? टपावर.” आणि हसले. मला ते हसू फोनमधून ऐकू आलं.

पुस्तकांचं नंतर सांगते, पण मला आभार मानायचे आहेत ते मुळात ह्या प्रश्नाचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, त्या काळात अण्णांना सगळ्यांनी साखर विचारली, बीपी विचारलं, पेन्शन किती बसली ते विचारलं. रूट कुणी विचारला नाही. पुस्तक सुचवणारे पुष्कळ भेटतात. स्वतःला आवडलेलं दुसऱ्याच्या गळ्यात घालतात आणि वाचलं का, वाचलं का म्हणून पिच्छा पुरवतात. समोरचा माणूस आयुष्यभर कुठल्या रस्त्याने गेला हे आधी विचारून मग कपाटाकडे वळणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तुमची चिठ्ठी अजून आमच्याकडे आहे. कॅलेंडरचं जुनं पान चारात फाडून त्याच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने लिहिलेली. अक्षरं एसटीच्या पाटीवर असतात तशी ठळक, सुटी सुटी, कारण जाडी पुस्तकं बारीक टायपाची असतात पण निदान यादी तरी चष्म्याविना वाचता यावी, असं तुम्ही म्हणाला होतात. एक ते सहा आकडे, प्रत्येकापुढे पुस्तकाचं नाव, खाली एक ओळ. सातचा आकडा घातलेला आणि पुढे कोरं. मी विचारलं, हे राहिलं का? तुम्ही म्हणालात, “ते त्यांनी मला सांगायचं.”

पहिलं होतं व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’. खाली तुम्ही लिहिलं होतं, ‘म्हसवडच्या गाडीत बसलेली असतील.’ अण्णांनी अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं आणि ते ‘रामा मैलकुली’वर थांबलं. “मैलकुल्यावर लिवलंय?” रस्त्याचे खड्डे भरणाऱ्या, कडेच्या चाऱ्या काढणाऱ्या माणसावर कुणी पुस्तकात लिहिलं असेल, हे त्यांना खरंच वाटेना. तेच आधी वाचलं. संपल्यावर पुस्तक छातीवर पालथं ठेवून बराच वेळ आढ्याकडे बघत राहिले. मग आईला म्हणाले, “मला जरा बसतं कर.”

श्री. ना. पेंडशांचे ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांचे. त्यापुढे तुमची ओळ होती, ‘जगबुडीचा पूल तुम्ही ओलांडायचात, ही त्या नदीकाठची चार पिढ्यांची गोष्ट.’ पहिला खंड झालाय, दुसरा अजून टेबलावर आहे. ‘रुचिरा’ बघून मी चकित झाले होते. कमलाबाई ओगल्यांचं, १९७० सालचं, वाटी-चमच्याच्या मापाने पदार्थ सांगणारं पुस्तक आजारी ड्रायव्हरला कशाला? तुम्ही लिहिलं होतं, ‘अर्धा जन्म हॉटेलात जेवलेल्या माणसासाठी. वाचून दाखवायचं, वहिनी करतील.’ खाटेवरून अण्णा वाटीचं प्रमाण वाचून दाखवतात आणि स्वयंपाकघरातून आई उत्तर देते, असं आमच्या घरी त्याआधी कधी घडलं नव्हतं. ‘स्मृतिचित्रे’ मात्र अण्णांच्या हाती लागलंच नाही. लक्ष्मीबाई टिळकांना लग्नानंतर अक्षरओळख झाली, हे मी आईला सांगितलं आणि आईने ते पुस्तक जे उचललं ते उचललंच. दुपारी भांडी झाली की दारात बसून वाचते. मुदत तीनदा वाढवून घेतली.

गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पुढे दोनच शब्द होते, ‘१८५७. पायी.’ ती भाषा जुनी, अण्णांना जड गेली. रोज दोन-तीन पानं. पण वरसईहून निघालेला माणूस झाशीच्या वेढ्यात सापडतो, लुटला जातो आणि तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परत येतो, हे वाचल्यावर त्यांनी फिजिओथेरपीच्या मुलाला सांगितलं, “उद्यापासून दारापर्यंत न्हे मला.” हे मी रचून सांगत नाही. तो मुलगाच मला फोनवर म्हणाला, काका आज स्वतःहून उठले.

आणि जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’. त्यापुढची तुमची ओळ मला पाठ आहे: ‘टपावर झोपणाऱ्याला.’

जानेवारीत मी घरी गेले होते. रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी खुर्ची अंगणात टाकायला लावली. त्याच फरशीवर, जिथे ते पडले होते. नातवाला जवळ बसवून व्याध दाखवला. म्हणाले, ह्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षं लागतात. मग स्वतःशीच हिशेब करत थांबले. “म्हंजे आत्ता दिसतोय तो निघाला तवा मी ड्युटीवर होतो.” पोराला त्यात विशेष काही वाटलं नाही. मी आत जाऊन तोंड धुवून आले.

काका, मी तुम्हाला तेव्हाच भेटायला हवं होतं. पण माझी रजा संपली, पुस्तकं बदलायला भाचा संध्याकाळी जायचा आणि तुम्ही दुपारचे. पुढच्या खेपेला नक्की, असं प्रत्येक खेपेला ठरवत राहिले. ही चूक माझी आहे आणि ती मला फार लागली आहे. वाचनालयाच्या ताईंनाही हे पत्र वाचून दाखवणार आहे. तुटपुंज्या पगारात त्या आठवड्याचे सहा दिवस ती कपाटं उघडतात, खुब्याला मार लागलेल्या माणसाला एकाच्या जागी दोन पुस्तकं देतात, मुदत उलटली तर दंड लावायच्या आधी तब्येत विचारतात. चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठा त्याग असं मला वाटायचं. आता घरी कुणी आजारी माणूस भेटला की मी आधी त्याला त्याचं काम विचारते. डेपो, खातं, मशीन, वर्ग, शेत, काय असेल ते. माणसं खरंच बोलायला लागतात.

काल अण्णा तुमच्यासाठी चिठ्ठी घेऊन आले होते. सात नंबर त्यांनी भरला आहे. ते पुस्तक त्यांना कुणी सुचवलं नाही. फेब्रुवारीत भाच्याकडून आत्मकथनांच्या कपाटाचा फोटो मागवला आणि त्यातून स्वतः निवडलं. ते वाचताना दोन दिवस ते पुन्हा गप्प होते आणि मी फोनवर घाबरले होते. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, ही कैकाडी माणसं गाढवांवर संसार लादून रस्त्याच्या कडेनं चाललेली असायची. पोरं मागं रेंगाळायची. आपण लांबूनच हॉर्न वाजवत जायचो. मला वाटायचं, ह्यांनी रस्ता अडवलाय.

चिठ्ठी ताईंनी काउंटरच्या काचेखाली ठेवून घेतली आहे, तुम्ही कधी आलात तर म्हणून. अण्णांचं अक्षर तुमच्याएवढं ठळक नाही, म्हणून इथेही लिहिते:

‘७. उपरा. लक्ष्मण माने. ह्यांना मी रस्त्यात बघितलं होतं. आता वाचलं.’

आपली,
म्हसवड-दापोलीच्या ड्रायव्हरची मुलगी