मदतीला स्टार नकोत, काम द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'आजची मुलं आपमतलबी का होत आहेत' या विषयावर रविवारच्या पुरवणीत आलेली वाचकांची मतं वाचली. मोबाइल, एकुलतं एक मूल, आईवडील दोघांची नोकरी, अशी कारणं बहुतेकांनी दिली आहेत. मी ३१ वर्षं बालवाडीत शिकवलं. मला दिसलेलं कारण यात कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात माझा चष्मा पलंगाखाली घरंगळला. साडेचार वर्षांचा नातू लगेच पालथा झाला, हात घालून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आजी, याचे किती स्टार?" त्याच्या शाळेत वर्गाच्या भिंतीवर मदतीचा तक्ता आहे. मित्राला डबा उघडून दिला की एक स्टार, खेळणी आवरली की एक स्टार; दहा झाले की खोडरबर. तिथल्या बाईंचा हेतू चांगलाच असणार. पण नातवाचा तो प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही.

मदत ही मुलांना बाहेरून शिकवावी लागते असं आपण धरून चालतो. २००६ साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या जर्मनीत काम करणाऱ्या दोन संशोधकांनी दीड वर्षाच्या २४ मुलांवर एक साधा प्रयोग केला. एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा पडतो, वाकूनही हात पोचत नाही. मूल समोर. कुणी त्याला सांगत नाही, शाबासकी देत नाही. तरी मुलं दुडुदुडु जाऊन चिमटा उचलून देत. २४ पैकी २२ मुलांनी अशा वेगवेगळ्या प्रसंगांत निदान एकदा तरी मदत केली. आणि त्याच माणसाने चिमटा मुद्दाम फेकला, तर मात्र मुलं सहसा जागची हलत नसत. म्हणजे नुसती पडलेली वस्तू उचलायची हौस नव्हे. समोरच्याचं काय अडलंय, हे पुरतं बोलताही न येणाऱ्या त्या जिवाला कळत होतं.

त्याच दोघांनी २००८ साली आणखी एक प्रयोग केला. वीस महिन्यांच्या मुलांपैकी काहींना मदत केल्यावर खेळायला गंमतीची वस्तू दिली, काहींचं तोंडी कौतुक केलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढच्या फेरीत बक्षीस कुणालाच नव्हतं. त्या फेरीत वस्तू मिळालेली मुलं इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. भिंतीवरच्या तक्त्याबद्दल याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

हे प्रयोग मी फार उशिरा वाचले. त्याआधी हीच चूक माझ्या हातून झाली होती. नोकरीचं दुसरं की तिसरं वर्ष. नव्याने आलेल्या एका मुलाची चड्डी ओली झाली आणि तो तिथेच खांबासारखा उभा राहिला. एक मुलगी उठली, मोरीजवळचं फडकं घेऊन आली आणि एक शब्द न बोलता त्याच्या पायाभोवतीची फरशी पुसू लागली. मला इतका आनंद झाला की मी तिला पुढे बोलावून सगळ्या वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. त्या टाळ्यांत मुलाने तोंड भिंतीकडे केलं. आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी सकाळपासून फडकं मांडीवर घेऊन बसली, कुणाचं काही सांडतंय का याची वाट बघत. पुढची सगळी वर्षं मी तेवढं पाळलं: कुणी असं काही केलं तर जवळ जाऊन हळूच सांगायचं, "तू पुसलंस ना, त्याला बरं वाटलं बघ."

मग मोठेपणी हे जातं कुठे? मला वाटतं, ते आपणच घालवतो. दोन वर्षांचं पोर झाडू ओढतं, कणकेत हात घालतं, भांडी पुसायला येतं. आपण म्हणतो, "तू राहू दे, पसारा करशील, जा कार्टून बघ." असं पाच-सहा वर्षं ऐकल्यावर ते खरंच राहू देतं. मग बाराव्या वर्षी आपलीच तक्रार, की इकडची काडी तिकडे करत नाही!

बिअॅट्रिस आणि जॉन व्हायटिंग या दांपत्याने सहा देशांतल्या सहा वस्त्यांमधली मुलं अभ्यासली, पुस्तक १९७५ साली आलं. केनियातल्या वस्तीत पोरं गुरं राखत, धाकटी भावंडं सांभाळत. दुसऱ्याला हात देण्यात, आधार देण्यात ती पुढे होती. आपल्या उत्तर प्रदेशातल्या खालापूरची मुलं मात्र अमेरिकेतल्या मुलांच्या गटात बसली, लक्ष आणि मदत मागण्यात पुढे. 'आपले संस्कार' म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. फरक पडला तो घराला मुलाच्या कामाची खरी गरज होती की नाही, याने.

मी बालमजुरीची भलामण करते आहे असं कृपया कुणी समजू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काम करताना पाहिलं, की भावंडं सांभाळावी लागतात आणि गुरं राखावी लागतात म्हणून आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा शेजारीशेजारी आणली, कुरणावर शाळा नेली. शिक्षण काढून घेऊन काम देणं वेगळं. आणि काम द्यायचं तर मुलालाही द्यायचं. ताई पानं घेतेय आणि दादा ताटावर येऊन बसतोय, ही घडी मला मान्य नाही.

एक मात्र आईवडिलांना सांगावंसं वाटतं. दोन-अडीच वर्षांचं मूल आपली गाडी छातीशी धरून "माझी!" म्हणून ओरडतं, तेव्हा त्याला स्वार्थी म्हणू नका. पडलेलं उचलून देणं लवकर येतं, स्वतःचं देणं फार उशिरा. गाडी हिसकावून पाहुण्यांच्या मुलाच्या हातात देऊन ते लवकर येत नाही.

बालवाड्यांना, शाळांना माझी विनंती एवढीच, की तो तक्ता उतरवावा आणि त्या जागी मुलांचा हात पोचेल अशा खुंटीवर चार फडकी आणि एक छोटी केरसुणी टांगावी. नातवाच्या बाईंशी मी बोलले आहे, त्या विचार करते म्हणाल्या. घरी आम्ही सध्या रोज संध्याकाळी मटार सोलतो. निम्मे त्याच्या पोटात जातात. परवा शेंगा संपल्यावर टरफलांचं ताट तो आपणहून उचलून ओट्यापर्यंत घेऊन गेला. वाटेत थोडी सांडली, ती वेचायला परत आला. स्टारचं त्या वेळी त्याने काही विचारलं नाही.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
सातारा