बाळ्या, आपला गाईड गप्प झालाय

प्रिय बाळ्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. दिवाळीला फोन नाही, नंतर तुझे मिस्ड कॉल दिसले तरी न दिसल्यासारखं केलं, त्याला काही कारण नाही, नुसता आळस. तब्येत बरी. शुगर काठावर, गुडघा आहे तसाच. हिचं मोतीबिंदूचं झालं, आता तिला लख्ख दिसतंय, त्यामुळे घरातली सगळी धूळ मीच केलीय असं सिद्ध होत चाललंय. असो.

लिहायला बसलो कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील म्हाताऱ्याला तुर्कस्तानचं काय पडलंय. आपला इस्तंबूलचा गाईड आठवतोय ना? जून 2019, बसमध्ये माईक हातात आला की ब्लू मॉस्क राहिली बाजूला, हा इस्तंबूलच्या महापौरपदाच्या उमेदवारावर, इमामोग्लूवर सुरू. तू शेवटी वैतागून "अरे बाबा मशीद दाखव" असं मराठीत ओरडला होतास आणि त्याला वाटलं तू घोषणा दिलीस, त्यानं टाळ्या वाजवल्या. तर तो माणूस. सणावाराला अजून मेसेज टाकतो. परवा मी सहज विचारलं, तुमच्या महापौराच्या केसचं काय होणार रे. निळ्या टिका लगेच आल्या, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग उत्तर आलं की हवा छान आहे, घरचे कसे आहेत, आणि हा विषय इथे नको, वरचा मेसेज काढून टाक. मी काढला. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. हा तोच बाबा, बाळ्या, जो फेरीबोटीवर अनोळखी लोकांशी हातवारे करून भांडत होता!

तेव्हा काय माहौल होता. 31 मार्चला एक्रेम इमामोग्लू जेमतेम 13 हजार मतांनी निवडून आला, एवढ्या मोठ्या शहरात 13 हजार म्हणजे काहीच नाही. निकालाच्या रात्री सरकारी वृत्तसंस्थेनं आकडे देणंच थांबवलं होतं. आताचा राष्ट्राध्यक्ष एर्दोगन स्वतः 1994 मध्ये तिथला महापौर झाला तेव्हापासून 25 वर्षं शहर त्याच गोटात, ते सुटेना. शेवटी 6 मे ला निवडणूक आयोगानं निवडणूक रद्द केली, का, तर काही केंद्रांवरचे प्रमुख सरकारी नोकर नव्हते. त्यावर तू हॉटेलच्या लॉबीत काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द आठवतंय, कारण जन्मात एकदाच तू माझ्या बाजूनं बोललास. एकाच पाकिटात चार मतपत्रिका, मोजणारे तेच, पेटी तीच, मग वॉर्डातले नगरसेवक वैध, तालुक्याचा महापौर वैध, आणि फक्त मोठ्या महापौराची चिठ्ठी अवैध, हा आक्षेप कुठल्या पॅऱ्यात बसतो ते सांग! गाईडला भाषांतर करून सांगितलं तर त्यानं तुला चहा पाजला. पुढे 23 जूनला फेरमतदान झालं आणि 13 हजाराचे 8 लाख झाले.

आता जुनं भांडण काढतो, तुला आवडतं म्हणून. तुझं म्हणणं होतं हा इमामोग्लू पण तसलाच. बिल्डरच्या घरातला, बाह्या वर करून कॅमेऱ्यासमोर उभा राहणारा, उद्या खुर्ची मिळाली की एर्दोगनच होणार, तोही कवितेपायी 4 महिने तुरुंगात जाऊन आलेला आणि तिथूनच मोठा झालेला. आणि नंतर तर तुझ्या हातात कोलीतच मिळालं. जानेवारी 2022, शहर बर्फात अडकलंय, गाड्यांत लोक रात्रभर बसलेत, आणि साहेब ब्रिटिश राजदूताबरोबर मासे खातायत. ती बातमी तू मला सकाळी सहाला पाठवलीस, सहाला! त्याआधी भूकंपानंतर स्कीइंगला गेला होता तेही तूच कळवलंस. मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणतो, माणूस दिखाऊ आहे, स्वतःवर खूष आहे, मान्य. पण कामाचं बघ ना. पहिल्या टर्मला सभागृहात बहुमत विरोधकांचं, सरकारी बँका कर्जाला हात लावू देत नाहीत, कोविडमध्ये मदतनिधी गोळा करायला लागला तर केंद्रानं खाती गोठवली. मग त्यानं काय केलं, गरिबांची थकलेली पाण्याची आणि गॅसची बिलं ऑनलाइन टांगून ठेवली, ज्याला वाटेल त्यानं कुणाचंही बिल भरावं, नाव कळणार नाही. पैसा पालिकेच्या मदतनिधीत येतच नाही, मग गोठवणार काय? मला अजून वाटतं त्या माणसाच्या ऑफिसात आपल्यासारखा एक खडूस अकाउंट्सवाला बसलेला असणार.

आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे टेंडर लाईव्ह. टेंडर उघडतायत आणि लोक घरबसल्या बघतायत. तू म्हणालास नाटक आहे, खरं सेटिंग टेंडर निघायच्या आधी अटी लिहिताना होतं. बरोबर आहे तुझं, आपण दोघांनी तेच तर आयुष्यभर बघितलं. आणि माझी खरी पंचाईत इथेच आहे.

कारण त्याच्यावर आरोप टेंडरचाच आहे. लाच, खंडणी, टेंडरमध्ये गडबड, वर टोळीचा म्होरक्या. 2025 च्या नोव्हेंबरात आरोपपत्र आलं, जवळपास 4 हजार पानं, 400 च्या वर आरोपी, त्याला मागितलेली शिक्षा 2 हजार वर्षांहून जास्त. (इतकी वर्षं कुणी मोजली असतील रे, कुणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन बसला असेल.) आपला नियम काय होता, फाईल बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही. भाऊसाहेबांच्या वेळी तू तीन आठवडे कुणाशी बोलला नव्हतास, कागद येईपर्यंत. आणि मी बाळ्या, ती 4 हजार पानं न बघता ठरवून बसलोय की हे खोटं आहे. त्यातल्या एखाद्या कंत्राटात खरंच घाण निघाली तर? एवढ्या मोठ्या पालिकेत कुठेच काही नाही असं तू आणि मी तरी म्हणू शकतो का? हे मला टोचतंय. रात्री तीनला जाग येते आणि मी परक्या देशातल्या कंत्राटदारांचा विचार करत पडतो. हिला सांगितलं तर म्हणाली उठलाच आहात तर दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवा.

मग मी आपलं जुनं काम केलं, कागद नाहीत तर नुसत्या तारखा मांडल्या. वही घेऊन, रूळ मारून. 18 मार्च 2025, इस्तंबूल विद्यापीठानं त्याची डिग्री रद्द केली. 1990 मध्ये सायप्रसच्या कॉलेजातून तिथे बदली घेतली होती, ती म्हणे नियमात नव्हती, हे 30 वर्षांहून जास्त काळ कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि तिथे डिग्री नसेल तर राष्ट्राध्यक्षपदाला उभंच राहता येत नाही. 19 मार्चला पहाटे घरून उचलला. 23 मार्चला तुरुंगात धाडला, आणि त्याच दिवशी त्याच्या पक्षात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचं मतदान होतं, तारीख आधीच जाहीर झालेली. लोक तरीही रांगा लावून गेले, पक्षात नसलेले पण, पक्षानं सांगितलेला आकडा दीड कोटीचा. त्या पाणीपुरवठ्याच्या फाईलीत वर्कऑर्डर आधीची आणि ठराव नंतरचा निघाला होता, आठवतंय? तिथे तूच म्हणालास, आकडे बघू नकोस, क्रम बघ. इथे क्रम बघितला की मला पुढचं वाचायची गरज वाटत नाही. पण गरज वाटत नाही हेच बरोबर आहे का? बोल. तू नेहमी उलटं बोलतोस म्हणून तुलाच विचारतोय, मला हो म्हणणारा माणूस नकोय.

मला सुचलेलं एवढंच, की आरोप खरे असले तरी त्याला बाहेर ठेवून खटला चालवता आला असता, अपीलं झाली असती, आपल्याकडे नाही का वर्षानुवर्षं चालत. आणि कबुली देणारे आरोपी नि नाव लपवलेले साक्षीदार यांच्यावर एवढं मोठं आरोपपत्र उभं करावं लागतं म्हणजे कागद कमी पडले असणार. हा माझा अंदाज, आक्षेप म्हणून नोंदवू नकोस.

डिग्रीचं ऐकल्यावर मी पहिल्यांदा तुझा विचार केला हे खरं सांगतो. तू पण एसवायला बदली घेऊनच आलेलास की आमच्याकडे, आणि ते मायग्रेशन सर्टिफिकेट कँटीनच्या चहात बुडवलेलंस. जपून राहा. निवडणुकीला तर उभा राहूच नकोस.

इमामोग्लूला पकडल्यावर पोरं रस्त्यावर आली, पालिकेसमोरच्या साराचहाने चौकात रोज रात्री, बंदी असून. अंतल्यामध्ये एकजण पिकाचूचा पिवळा ड्रेस घालून मोर्चात आला आणि पोलिसांपुढे तसाच शेपटीसकट पळत सुटला, तो व्हिडिओ माझ्या नातीनं मला दाखवला, तिला वाटलं कार्टूनच आहे. हसलो खूप. पण तेव्हाही गाईड मला फोटो पाठवत होता रे, गर्दीतले, स्वतः उभा राहून काढलेले. आता म्हणतो विषय नको. सभागृहानं इमामोग्लूच्याच पक्षाचा दुसरा माणूस हंगामी महापौर म्हणून निवडलाय, म्हणजे शहर अजून त्यांच्याकडेच आहे कागदावर, राष्ट्राध्यक्षपदाची पुढची निवडणूक 2028 ला, पण ज्याच्यावर सगळं उभं होतं तो सिलिव्रीच्या तुरुंगात. 2024 मध्ये तर 51 टक्के घेऊन परत आला होता. मतं मिळवायची होती ती त्यानं मिळवली, आणखी काय करायला हवं होतं त्यानं, हे मला तुझ्याकडून ऐकायचंय, आणि "मासे खायला नको होते" हे उत्तर चालणार नाही.

गाईडला तू काही पाठवू नकोस, तुझा स्वभाव माहितीये, लगेच इंग्रजीत तीन पानी लिहिशील. नुसतं गुड मॉर्निंगचं फूल टाक.

तुझं काय? फ्लॅटचा ताबा मिळाला का, की बिल्डर अजून लिफ्टच लावतोय? वहिनींच्या पाठीचं कळव. धाकटीचं जमलं असं उडत उडत कळलं, तू सांगितलं नाहीस याचा राग आहे पण तो समोर आल्यावर. तारीख मेच्या सुट्टीत ठेव म्हणजे सगळे येतील. माझी ती मोजमापांवरची निळी फाईल तुझ्याकडेच आहे, नाही म्हणू नकोस, लग्नाला येईन तेव्हा घेऊन जाईन.

तुझा,
नाना